ओटीवर बसून रडण्याचा हक्क

श्री कुलस्वामिनी प्रसन्न.

मी, गहिनीनाथ भिमाजी म्हसे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व पोथीवाचन, राहणार मौजे पिंपळदरा, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. ती चाळीस वर्षे ज्या कामी वापरली, त्याची लाजही शाबूत आहे.

पंचक्रोशीत कोणाकडे मृत्यू झाला की दहा दिवस पोथी वाचावयास मला बोलावीत. मी लोकांना आत्म्याचे अमरत्व सांगितले आणि रडण्यास मनाई केली. जिवलगांचे अश्रू मृताला प्यावे लागतात, त्याची वाट अडते, असे शास्त्रात आहे. ते मी घरोघरी ऐकविले. लोक गप्प होत. मला वाटे, त्यांचे समाधान झाले.

शके १८९३ च्या वैशाखात माझा धाकटा मुलगा सहादेव विहिरीचे काम चालू असता दरड अंगावर येऊन वारला. त्याची पत्नी सौ. (हा शब्द सवयीने लिहिला गेला, खोडीत नाही) मनकर्णा हिने हंबरडा फोडला, तेव्हा तिच्या तोंडावर मी तेच वचन फेकले. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. दहा दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही. लोक म्हणाले, "बुवाची सून शोभते खरी!" मला अभिमान वाटला. तो अभिमान मी येथे नोंदवून ठेवतो, कारण तो माझा गुन्हा आहे.

पुढे भाकरी करताना तिचा हात तव्यावर तसाच राहिला, कातडी पोळली, तरी तिने हूं केले नाही. त्या दिवशी मी पोथी मिटली.

आता मिळकतीविषयी.

पहिले. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी पूर्वीच झाली आहे. थोरला मुलगा राधाकृष्ण याला त्याचे सात एकर मिळाले. सहादेवचे सात एकर मनकर्णाचे आहेत. राधाकृष्णचे सासरे आबासाहेब सुतकात, नवव्या दिवशी, हक्कसोडीचा कागद व शाईची डबी घेऊन समाचाराला आले. "पोरी, लेकरू न्हाई, बाळ न्हाई. अंगठा दे आन् माहेरी सुखानं ऱ्हा." सांत्वनाला आलेला माणूस शाई घेऊन येतो, हे मी कोणत्याही पुराणात वाचले नव्हते. अंगठा उठण्याआधीच ती डबी मी ठेवून घेतली होती. ती आबासाहेबांना परत द्यावी. याखेरीज त्यांचा माझ्या घराशी संबंध नाही.

दुसरे. राहते घर मी स्वकष्टाने बांधले आहे. ते मनकर्णाला पूर्ण मालकीहक्काने देतो, हयातीपुरते नव्हे. राधाकृष्णने हरकत घेऊ नये. कारण सर्वांना ठाऊक आहे, तरी लिहितो. सहादेवच्या दहाव्याला मुळा नदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. उन्हे चढली. भावकी एकेक कबुली देऊ लागली. कावळा झाडावरच. शेवटी राधाकृष्णने हात जोडले: "सहादू, तुझ्या मानसाला या घरातून हलू देनार न्हाई!" कावळा तत्काळ शिवला. लोक भरभर घरी गेले.

तिसऱ्या महिन्यात त्याच राधाकृष्णने मनकर्णाची ट्रंक बैलगाडीत टाकून तिला शेवगावला माहेरी धाडले. मी आत जप करीत होतो. गाडीचा आवाज मी ऐकला. उठलो नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून शेवगावला गेलो आणि मनकर्णासमोर उभा राहिलो. ती म्हणाली, "मामा, येते मी. पन मला रडू द्या."

मी तिची ट्रंक उचलली व एस.टी.कडे चाललो. तिच्या मागण्याला लागू पडेल असे वचन चाळीस वर्षांच्या पाठांतरात नव्हते.

तिसरे. घराची ओटी मनकर्णाच्या मालकीची राहून, ज्याच्या घरी मृत्यू झाला असेल अशा कोणाही स्त्रीपुरुषासाठी ती खुली असावी. जात, धर्म, गाव विचारू नये. तेथे यावे, बसावे, वाटेल तितके रडावे. उपदेश करणाऱ्यास पायरीवरूनच परत पाठवावे. 'देवाची इच्छा' हे शब्द तेथे कोणी उच्चारू नयेत. ज्यांना आपण अवतार म्हणतो तेही प्रिय माणसासाठी रानोरान रडत फिरले. हे मी दरवर्षी वाचत होतो आणि पान उलटीत होतो.

चौथे. शेजारीण गोजरबाई हिला माझी नवी घोंगडी द्यावी. मनकर्णा परतल्यावर ही बाई महिनाभर रोज दुपारी आली, भिंतीला टेकून मटकी निवडीत बसली. एवढेच विचारी, "खाल्लं का, बाय?" मी एकदा बोधाचे चार शब्द काढले, तर म्हणाली, "बुवा, तुमचं लई ऐकलं गावानं. आता जरा गप बसा." चौथ्या दिवशी मनकर्णा तिच्या मांडीवर डोके ठेवून रडली. फार वेळ नाही. गोजरबाईला लिहिता वाचता येत नाही.

पाचवे. माझ्या पोथ्या गोरक्ष, जो माझ्यामागे वाचन करील, त्याला द्याव्यात. अश्रूंचे ते पान मी फाडलेले नाही. शास्त्र फाडण्याचा मला अधिकार नाही. पण ते वाचण्यापूर्वी त्याने ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे. मी कधी पाहिले नाही.

सहावे. माझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही तर कोणीही काही कबूल करू नये. राधाकृष्णने घाटावर तोंड मिटून उभे राहावे. खोट्या वचनाला कावळा फसतो, हे मी पाहिले आहे. पिंड उन्हात वाळला तरी चालेल.

शेवटचे. माझा देह उचलताना मनकर्णाला कोणी आवरू नये. तिने मोठ्याने, गाव ऐकेल असे रडावे. ते माझ्यासाठी समजू नये. ते सहादेवचे राहिलेले आहे. ते अश्रू मला प्यावे लागत असतील, तर मी पिईन.

हे वाचून, समजून सही केली असे.

गहिनीनाथ भिमाजी म्हसे (सही)

लिहिणाराने आमच्यासमक्ष सही केली व आम्ही त्याच्यासमक्ष सह्या केल्या:
१. बन्सी रखमाजी धसाळ (सही)
२. दानीएल सत्यवान साळवे, शिक्षक (सही)

स्थळ: पिंपळदरा. पौष पौर्णिमा, शके १८९४. गुरुवार, दिनांक १८ जानेवारी १९७३.