‘इंजिना’तला थांबा

९ जाने. १९९५
ह्यांचं अंग पुसलं, कूस बदलली. धुकं इतकं की रामघाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. लकवा मारल्यापासून वाचा नाही, नजर ठरत नाही. डॉ. म्हणाले, “समझ लीजिए, भीतर कुछ बचा नहीं।” समजले आहे.

दुपारी नाचाची कॅसेट लावली. ह्यांच्यासाठी नव्हे, घरातली शांतता सोसवेना. सतार शिकायला आलेल्या कॅनडाच्या भाडेकरूने जाताना भरून दिलेली. गाण्यांची नावं लिहिली नाहीत, ती आम्हीच ठेवली. ‘इंजीन’ लागलं आणि ह्यांचा डावा पाय हलला. ठेक्यात.

१० जाने.
डॉ.ना सांगितलं. “अपने आप होता है, मैडम। मेंढक का भी हिलता है।” बेडूक मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. मला नको सांगायला.

‘तुतारी’त पितळी वाद्यांचा नुसता तोरा, नाचायला उत्तम, ऐकायला सामान्य. ‘विनवणी’तली बाई रडते फार, पण खालचा बास कमरेला धरून हलवतो. ‘इंजीन’ अव्वल. कारण त्यातला थांबा. ऐन भरात सगळी वाद्यं गप्प, श्वासभर काही नाही, मग ढोल परत शिरतो. आम्ही दोघं नाचायचो तेव्हा तेवढा वेळ टाच उचलून तसेच उभे. खिडक्या बंद. लोकांना सांगायचं, वानरं येतात. खाली भावजींची वेदपाठशाळा, वर आमचं डिस्को. ज्याची टाच आधी टेकेल त्याने चहा करायचा. बहुधा मीच करायचे.

बेडकाला थांबा माहीत नसतो. तो यायच्या आधी ह्यांनी टाच उचलली, तर आत माणूस आहे. नाही उचलली तर नाही. उद्या बघू.

११ जाने.
दिवसभर बत्ती गुल. टेपमध्ये जुने सेल घातले. ‘इंजीन’ सुरू झालं, पाय सुरू झाला. मग सेल उतरत गेले, गाणं जड झालं, पायही त्याच्यामागे जड. थांब्यापर्यंत पोचलोच नाही.

१३ जाने.
सेल आणून परत येते तो टेप जागेवर नाही. भावजींनी नेला. शेजारीण म्हणाली, “कल लौटा देंगे, बोले हैं।” ह्यांचा धाकटा भाऊ, रोज येऊन पाय चेपतो. काय बोलणार.

१४ जाने. संक्रांत
भावजी तिळगूळ आणि टेप घेऊन आले. चेहरा लहान मुलासारखा. “वहिनी, दादासाठी रुद्र भरलाय. सगळ्या विद्यार्थ्यांना बसवून. लहानपणी हाच म्हणायचा तो. ऐकून उठेल बघा.”
“कशावर भरलात?”
“होती ना त्यातच. दुसऱ्या बाजूला हात नाही लावला हं. तिकडे तुमचं नाचाचं अगदी सुरक्षित आहे.”

‘इंजीन’ पहिल्या बाजूला होतं.

वर काही भरलं जाऊ नये म्हणून कॅसेटची कड मी मोडून ठेवली होती. त्या खाचेत त्यांनी पंचांगाचा कागद घडी करून बसवला. किती नीट बसवला.

रुद्र पूर्ण ऐकला. एक स्वर चुकलेला नाही. पाय निपचित. तिळगूळ घेतला, गोड बोलले. भावजी गेल्यावर न्हाणीघरात बालदी आपटली.

१५ जाने.
दुसरी बाजू सगळी लावली. ‘तुतारी’ला नाही, ‘विनवणी’ला नाही. पाय हलत नाही.

गोदौलियाच्या बाजारात गेले. कॅसेटच्या दुकानात उभी राहून, ह्या वयात, ‘इंजीन’ तोंडाने वाजवून दाखवलं. ढोलासकट. मुलगा ऐकत राहिला. “माताजी, भजन में देख लें?”
“भजन नहीं है। डिस्को है।”
“गाने का नाम?”
नाव नाही. गाणाऱ्याचंही नाही. रिक्षात रडू आलं. रिक्षावाला, “कोई गुजर गया, अम्मा?” म्हटलं, पता नहीं.

१६ जाने.
कॅसेट हवी कशाला. सगळं गाणं मला पाठ आहे.

परात पालथी घातली, पळी घेतली, उशाशी बसले. ठेका धरला. बराच वेळ काही नाही. पळी बदलली, लाकडी घेतली. पाय ठेक्यात आला. वाजवत गेले. थांबा जवळ आला तशी नजर टाचेवर ठेवली.

माझा हात थांबायच्या आधी टाच उचलली. आधी. मी पाहिलं.

श्वासभर गप्प. मग ढोल घेऊन परत शिरले. टाच टेकली नाही. वाजवत राहिले, मनगट भरून येईपर्यंत. टाच वरच. चेहऱ्यावर काही नाही. “अहो,” म्हटलं, “झाला थांबा. या आता.”

पेटका आला असेल. डॉ. तेच म्हणतील.

हरले म्हटलं, आणि चहा टाकला. दोन कप. घेऊन आले तर टाच तशीच. चहा निवतो आहे. मी बघते आहे.