कोपऱ्यातली भेग

जळगाव,
ता. १७ नोव्हेंबर १९९१

प्रिय असलम,

सप्रेम नमस्कार. अम्मींना माझा सलाम सांग.

तुझा धुळ्याचा पत्ता पाचोऱ्याच्या भाईदासकडून मिळाला. त्याच्या विहिरीवरच्या मोटरचं वाइंडिंग तू करून दिलंस आणि चार वर्षांत ती पुन्हा जळली नाही म्हणे. तो तुझं कौतुक करत होता, मी ऐकत होतो. कॉलेजात आपण अडीच वर्षं एका खोलीत राहिलो, हे मी त्याला सांगितलं नाही.

इकडे ठीक. शाळेत खेळाचा मास्तर आहे. म्हणजे शिट्टी फुंकायची आणि पंधरा ऑगस्टला कवायत घ्यायची. केस गेले, पोट आलं. बायको म्हणते, तुम्ही बत्तिसाव्या वर्षीच म्हातारे झालात. तिचं काही चुकत नाही. सकाळी उठल्यापासूनच मी दमलेला असतो.

आता मुद्द्याचं. आपला कोजो गेला. सप्टेंबरात, काविळीनं. त्याच्या बहिणीचं घानाहून पत्र आलं. पाय कायमचा आखूड झाला तरी तो शेवटपर्यंत गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवत होता. त्यातले दोघं आता तिथल्या मोठ्या क्लबात खेळतात. त्याला पुरायला नेलं तेव्हा सगळी पोरं बूट गळ्यात अडकवून अनवाणी चालली, असं तिनं लिहिलंय.

पत्र वाचलं आणि मला तो खानावळीत बसलेला दिसला. झुंबरबाई त्याच्या ताटात तिसरी भाकरी टाकायच्या, "बठ्ठं खाई टाक, भाऊ, पयनं शे तुले." पळायचंय म्हणून सगळं संपव, हा त्यांचा हुकूम. आणि घानाहून शिकायला आलेला हा गडी वांग्याच्या भरतानं घाम फुटला तरी मुकाट्यानं खायचा. तीन महिन्यांत आपल्यापेक्षा बरी खान्देशी बोलायला लागला होता.

आणि त्याचा खेळ. पळणारे पुष्कळ पाहिले, असलम. थांबणारा तोच एक. भरधाव यायचा आणि मध्येच चेंडूवर पाय ठेवून नुसता उभा राहायचा. समोरचा गडबडून अंगावर धावला की हा अलगद बाजूनं निघून जायचा. असोद्याहून माणसं एसटीनं यायची, ते थांबणं पाहायला. तूच एक कधी फसला नाहीस. तूही थांबायचास. दोघं समोरासमोर उभे, मध्ये चेंडू, आणि सगळं मैदान हसतंय. माझ्या शाळेतली पोरं आजही तसं थांबायला बघतात. कोणाचं पाहून, ते त्यांना ठाऊक नाही.

कॉलेज आता त्याच्या नावानं फुटबॉलची ढाल सुरू करतंय. आपले कोच जीवराम सर समितीचे अध्यक्ष. स्मरणिकेत कोजोवर लेख लिहायचं काम त्यांनी मला दिलं. म्हणाले, "पाय मोडल्याचं लिही. कलकत्त्याच्या क्लबाचं बोलावणं आलेलं होतं, पोराचं सोनं झालं असतं. असलमचं नाव घालू नकोस, धुळ्याच्या एका खेळाडूनं असं लिही. कळायचं त्यांना कळेल."

महिनाभर मी तो कागद पुढ्यात घेऊन बसलो. काही सुचेना, असं सगळ्यांना सांगत होतो. सुचत होतं, असलम. दहा वर्षं तेवढंच सुचतंय.

एक्क्याऐंशीच्या मार्चमधली ती जळगाव-धुळे जिल्ह्यांची फायनल, तू घरच्या धुळ्याकडून खेळत होतास. तुला आपलं मैदान माहीतच आहे. काळी माती, उन्हं तापायला लागली की हातभर खोल भेगा. सामन्याआधी त्या बुजवायचं काम राखीव खेळाडूंचं. माती भरायची, पाणी सोडायचं, बसू द्यायची, पुन्हा भरायची, वरून धुम्मस मारून दाबायची. एकेका भेगेला दोन दिवस लागायचे.

आदल्या दिवशी यादी लागली. माझ्या जागेवर कोजोचं नाव होतं, मी राखीव. जिल्ह्याच्या संघात तीन वर्षं ती जागा माझी होती. मला राग आला होता. कोजोचा, सरांचा, सगळ्यांचा. संध्याकाळी एकच भेग उरली होती, धुळ्याच्या गोलाकडच्या डाव्या कोपऱ्यातली. तिच्यात मी केळीची वाळलेली पानं कोंबली, वर चार बोटं माती पसरली आणि हात झटकून निघून गेलो. कोणाचा पाय मोडावा असं मनात नव्हतं, एवढं खरं. पण मोडू शकतो हे मला कळत होतं. शेतकऱ्याच्या पोराला ते कळतंच.

पुढचं तुला माहीत आहे. सगळंच माहीत आहे का, ते मला दहा वर्षं कळलेलं नाही. कोजो त्या कोपऱ्यात आला, सवयीनं थांबला, सगळा भार डाव्या पायावर. पाय गुडघ्याखालपर्यंत आत गेला. तू समोरून येत होतास, तुला आवरता आलं नाही, तू त्याच्यावर पडलास. लोकांना दिसलं ते एवढंच. पाण्याची पिशवी घेऊन पहिला मी पोचलो. त्याचा पाय बाहेर काढला. भेगेतली पानं वर आली होती. मी टाचेनं त्यांवर माती सारली. मान वर केली तर तू माझ्याकडे बघत होतास.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "दोस्तनाच पाय मोडा त्यानी." मग सगळेच ओरडायला लागले. तुझी गचांडी धरली. मी मूग गिळून उभा होतो. परीक्षेला तीन आठवडे होते आणि तू ट्रंक उचलून गेलास. मी गॅलरीतून पाहिलं. खाली उतरलो नाही.

काल लेख समितीत वाचून दाखवला. पानांसकट, टाचेसकट. जीवराम सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दोन वर्षांमागे चाळीसगाव स्टेशनावर त्यानं मला सलाम केला होता. मी तोंड फिरवलं." उठताना म्हणाले, लेख छापायचा, एक शब्दही गाळायचा नाही. तुला ते स्वतः लिहिणार आहेत. मी समितीत नाही आता. शाळेतही विचारतील. विचारू देत.

माफी मागायला मला तोंड नाही. दहा वर्षं उशिरा मागितलेली माफी तू तरी कुठे ठेवणार?

एक राहिलंय. इस्पितळात कोजो मला म्हणाला होता, "असलमनं नहीं मारा, पितांबर. जमीन फटी थी. सबको बोल दे." मी हो म्हणालो. मी सगळ्यांना सांगितलं, असंच तो समजत राहिला. दर नाताळात त्याचं इंग्रजी पत्र यायचं आणि खाली वेड्यावाकड्या देवनागरीत एकच ओळ, "असलम कसा शे?" दर वर्षी मी कळवत गेलो. असलम बी.एस्सी. झाला. असलम मजेत आहे. असलम तुझी आठवण काढतो.

त्याच्या बहिणीला आज खरं लिहायला घेतलंय. बाकी सगळं लिहून झालं. त्या ओळीपाशी अडलोय, कारण तू कसा आहेस ते मला माहीत नाही. शिव्या देऊन कळवलंस तरी चालेल. पण कळव.

दहा वर्षं तुझ्या नावानं खोटं लिहीत आलेला,
पितांबर