अप्पांचा पहिला शब्द

मेलकावेरी, कुंभकोणम
सोमवार

प्रिय श्रीविद्या,

फोनवर सांगायला गेले असते तर आधी रडले असते आणि तू भलतंच समजली असतीस, म्हणून लिहिते आहे. अप्पा बोलले.

पक्षाघाताला उद्या नऊ आठवडे होतील. हातपाय सुधारले, पण वाचा काही परत येईना. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, पाणी हवं असलं तरी पेल्याकडे बोट दाखवायचा. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं काहीतरी बोलत राहा. मी शेजारपाजार, तिरुविडैमरुदूरच्या आत्याचं भातशेत, सगळं बोलून संपवलं. गणित मला कुठलं यायला!

शनिवारी स्वामीमलैहून स्वामीनाथ भेटायला आला. अप्पांचा जुना विद्यार्थी, आता पंचधातूच्या मूर्ती ओततो. कोणाच्या तरी देवघरासाठी मूर्तीखालचं चौरस पीठ करायचं होतं आणि गिऱ्हाइकाने नुसतं क्षेत्रफळ कळवलेलं, १७६४ चौरस सेंटीमीटर. “सरांसमोर कॅल्क्युलेटर काढायची माझी छाती नाही,” असं हसत म्हणून त्याने कागदावर अंदाजाने वर्गमूळ काढलं आणि मोठ्याने सांगितलं, “सर, बाजू त्रेचाळीस. उद्या साच्यासाठी मेण कापतो.”

अप्पांनी खाटेवर हात आपटला. मला वाटलं, पुन्हा झटका आला. धावत गेले तर ओठ थरथरत होते, कपाळावर घाम. स्वामीनाथ घाबरला. “सर, चुकलं का?” आणि अप्पा म्हणाले, “सम.” मग श्वास घेऊन, “वर्ग सम... मूळ... सम.”

आयुष्यभर तमिळमधून शिकवलं, आणि शब्द परत आले ते घरच्या मराठीतले. स्वामीनाथला काही कळेना. त्याला तमिळमध्ये समजावता समजावता माझ्याच डोक्यात उजेड पडला. विषम संख्येला त्याच संख्येने गुणलं तर उत्तर विषमच येतं, मग सम वर्गाचं मूळ त्रेचाळीस कसं असेल? त्याने बेचाळीसला बेचाळीसने गुणून पाहिलं. बरोबर सतराशे चौसष्ट! लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यांचं गणित मला पहिल्यांदा कळलं. स्वामीनाथ त्यांच्या पायाशी बसून रडला, मी स्वयंपाकघरात. अप्पा मात्र अजून त्रेचाळीसवरच चिडलेले.

आता खरं ते लिहिते. पुण्यातली संशोधनाची जागा सोडून कायमची इकडे यायला तू राजीनामा लिहून ठेवला आहेस, हे तुझ्या मैत्रिणीने मला केव्हाच सांगितलं होतं. मी गप्प राहिले, कारण तू यावंस असंच मला वाटत होतं. एकटीला फार भीती वाटायची गं. काल अप्पांना विचारलं, “विद्याला नोकरी सोडून बोलावू का?” त्यांनी दोनदा तोंड उघडून मिटलं. तिसऱ्यांदा स्वच्छ म्हणाले, “नको.” तो कागद फाडून टाक, बाळा. सुट्टीत ये, चार दिवस राहा आणि परत जा. मला आता भीती वाटत नाही.

तुझीच,
अम्मा