देइसीच्या लाळेचा निकाल

मानिसालेस, कोलंबिया, ९ मार्च १९९६

ती. ओफेलियाताईस,
सा. न. वि. वि.

सुट्टीत तुझ्या देइसीच्या जिभेवर काडी फिरवून मी लाळ नेली, तेव्हा तू हसली होतीस. एवढं शिकून थुंकी गोळा करायची नोकरी, म्हणालीस. आता निकाल आलाय. दात किडवणारे जंतू फार आहेत आणि लाळ कमी. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज दात पांढरे दिसतात, पण वर्षभरात पुढचे किडतील. मला तुमच्या गूळपाण्याचा संशय होता. त्यांनी आधी औषधाचं विचारलं. ताई, तिचं आकडीचं औषध म्हणजे निम्मा साखरेचा पाक आहे. दवाखान्यात गोळ्या मागून बघ.

तुझीच,
नूबिया

सालामिना, २८ एप्रिल

चि. नूबियास अ. आ.

गोळ्या मिळाल्या. कुस्करून केळ्यातून दिल्या, तर थुंकते. तीन वर्षांच्या पोरीला काय समजावणार? तिसऱ्या दिवशी चुलीपाशी आकडी आली. हनुवटीला चार टाके पडले. एरनान म्हणाला, दात जाऊ देत, पोरगी राहू दे. नवऱ्याचं काय चुकलं, मलाही तेच वाटत होतं. पाक पुन्हा सुरू केलाय. चमच्यामागून पाणी पाजते, दात घासते. गूळपाणी बंद केल्यापासून सासूबाई बोलत नाहीत, तेवढीच शांतता. आणखी काही उपाय असेल तर कळव.

ताई

मानिसालेस, १२ मे

ती. ताईस सा. न.

बिनसाखरेचं औषध आपल्याकडे येतच नाही म्हणे. दर तीन महिन्यांनी तिला दातांवर लेप लावायला आण. रस्ता कसा आहे ते माहीत आहे, तरी आण. मी इथे दिवसभर पोरांच्या नावापुढे ‘धोका जास्त’ लिहिते. त्यापुढे लिहायला काही नसतं.

नूबिया

सालामिना, ६ जुलै १९९७

चि. नूबियास अ. आ.

दोनदा लेप झाला. नंतर दरड कोसळली आणि बस बंद पडली. वरचे चार दात काळे पडून दुखायला लागले, मंगळवारी काढले. अरेपा, मक्याची भाकरी, दुधात भिजवून देते. बाईंना सांग, त्यांचं म्हणणं खरं निघालं. राग नाही. चौदा महिन्यांत एकही आकडी नाही, हेही सांग.

देइसी हसताना तोंडावर हात धरते. सातव्या वर्षी नवे दात येतील, असं मी सांगितलं. तेव्हाही हेच औषध घ्यायचं का, तिने विचारलं. मी तिची वेणी घालत राहिले.

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

ताई