दादाचा दावा

८ जानेवारी २०२४, सोमवार

गेले एकदाची. मंचरला, कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास. खुर्च्या जास्त, माणसं कमी. कोर्सचं नाव एवढं लांबलचक की आईला सांगताना माझीच जीभ वळेना. शेवटी म्हटलं, कामावर कुणाला लागलं, तर विमा कंपनीनं भरपाई द्यायची की नाही, ते तपासायचं शिकवतात. आई लगेच — "म्हंजे आपल्या सोमनाथाचं व्हईल का गं त्यातनं?"

हो म्हटलं. दादासाठीच तर गेलेय!

शिकवायला अरिहंत सर. मूळचे बेल्ह्याचे. विमा कंपन्यांसाठी दावे तपासण्याची एजन्सी त्यांचीच, क्लासमधून माणसं निवडून तिथं घेणार. पहिलंच वाक्य — "दावा मंजूर कुणीही करील. नाकारायला डोकं लागतं." सगळे हसले. मीही हसले. लाज वाटली पाहिजे मला.

१२ जानेवारी

दादा आज डाव्या हाताने दाढी करत होता. हनुवटीला कापलं. मी कापूस घेऊन गेले तर अंगावर आला. "मी काय कुक्कुलं बाळ हाय का?" गेला खोडदच्या रस्त्याने, त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या बाजूला. अंधार पडेस्तोवर आला नाही.

दोन वर्षं होत आली. गेणभाऊच्या पेंडीच्या कारखान्यात मशीनच्या फिरत्या स्क्रूत उजवा हात ओढला गेला. मनगटापासून संपला. आणि गेणभाऊ कोर्टात सांगतो काय — हा माझा कामगारच नव्हता, बाजारच्या दिवशी गंमत बघायला आला होता! सात वर्षं तिथं पेंडीची पोती भरली, ती गंमत?

२३ जानेवारी

डोकं फिरलंय आज. कायद्यात एक कलम आहे. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी बसवलेली असेल आणि कामगाराने ती मुद्दाम काढली, तर मालक सुटला. भरपाई नाही. फक्त माणूस मेला किंवा कायमचा पुरता निकामी झाला, तर ही पळवाट चालत नाही.

जेवताना दादाला सांगितलं. तो घास तसाच धरून म्हणाला, "म्हंजे हात गेला तर चूक आपली, जीव गेला तर मालकाची. आपलंच चुकलं राव, थोडक्यात भागवलं!" आई पाठीत घालायला धावली. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी तो असं काही बोलला.

मग म्हणाला, पुन्हा एकदा सांग गं ते. शाळेतल्या बाईंसारखं सगळं समजावून सांगितलं.

५ फेब्रुवारी, सोमवार

बेल्ह्याचा बैलबाजार. क्लासला दांडी. भागूला गाठायचं होतं. दादाचा हात अडकला तेव्हा धावत जाऊन बटण बंद करणारा हाच. अजून गेणभाऊकडेच आहे. आमच्या वकीलबाई म्हणतात, सोमनाथ तिथे कामाला होता हे सांगणारा एक माणूस आणा. एकच!

टेंपोआड उभं राहून बोलला. "ताई, सोमनाथनं मला काम शिकवलं, समदं खरं हाय. पण कोर्टात आलो तर गेणभाऊ दुसऱ्या दिवशी घरी बसवील. मग आमी खायचं काय?" मी चहा घ्या म्हटलं, त्याने तोही घेतला नाही.

६ फेब्रुवारी

काही खरं नाही आपलं.

१९ फेब्रुवारी

सरांनी आज जोड्या लावल्या. एकाने जखमी व्हायचं, दुसऱ्याने जबाब घ्यायचा. मी तपासणारी. समोरचा पोरगा जिन्यावरून पडल्याचं नाटक छान करत होता. चार प्रश्नांत मी त्याला कबूल करायला लावलं, की तो त्या दिवशी सुट्टीवर होता. सर म्हणाले, "यशोधरा, तुला हे उपजत आहे."

घरी कुणाला सांगितलं नाही. येताना एसटीत वाटत होतं, दादाचा हात गेलाय आणि मी माणसांना खोटं पाडायला शिकतेय. पण नोकरी लागली तर घरात दर महिन्याला पगार येईल. आईला खुरपायला जावं लागणार नाही. हेही खरंच ना?

४ मार्च

भागू स्वतः घरी आला! जयभीम घातला, दारातच बसला. "येतो मी साक्षीला. रात्री झोप लागंना." आईला रडू आवरेना. भागू गेल्यावर दादा म्हणाला, "त्याला तीन पोरी हायेत, यशे."

म्हणून काय झालं? हा सरळ का नाही होत कधी? दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्या बाजूने उभं राहिलं, आणि याचं तोंड उतरलेलं!

११ मार्च

सरांनी एकेकाला आत बोलावलं. मला म्हणाले, क्लासात तूच पहिली. मग विचारलं, घरात कुणाचा दावा चालू आहे का? मी खरं सांगितलं. गेणभाऊची विमा कंपनी म्हणजे सरांच्या एजन्सीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. सरांनी चष्मा काढून पुसला. "हा दावा चालू असेतोवर तुला घेता येणार नाही. नियम आहे, मी मोडू शकत नाही. आणि या केसेस वर्षानुवर्षं चालतात, तुला ठाऊकच आहे." जागा मे महिन्यात भरणार.

घरी आले ती तापलेलीच. दादाने विचारलं काय झालं. सुटले त्याच्यावर — तुझ्या केसमुळे माझं अडलंय! तुझा हात गेला तो गेला, आता माझंही सगळं घेऊन चाललाय! आई "यशे, यशे" करत राहिली. तो उठून बाहेर गेला.

काय बोलून बसले मी हे.

१२ मार्च

माफी मागितली. "कशाची?" म्हणाला आणि शेळीला पाला टाकायला गेला.

२ एप्रिल, मंगळवार

लिहवत नाही. पण लिहिते.

पुण्याला तारीख. पहाटेच्या एसटीने वाकडेवाडी स्टँड. आज दादाचा उलटतपास, पुढच्या तारखेला भागू. रस्ताभर पढवलं — विचारलं तेवढंच सांग, फुशारकी मारू नको. तो मान हलवत होता.

विमा कंपनीच्या वकिलाने सहजच विचारलं, "काम चांगलं येत होतं तुम्हाला?" आणि हा ताठ झाला. म्हणाला, "लई चांगलं. जाळी काढून चालवायचो मी. जाळीनं काम हळू व्हतं. त्या दिशीबी म्याच काढली व्हती."

कुणी विचारलं होतं? कुणी? वकिलाला स्वतःलाच खरं वाटेना, त्याने पुन्हा विचारलं. यानं पुन्हा तेच सांगितलं, आणखी मोठ्यानं. आमच्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, आता भागूला आणून काय करू? त्याला उगाच कामावरून कशाला घालवता?

येताना मी त्याच्या शेजारी बसले नाही. मागे जाऊन बसले. सगळं शिकवलं, सगळं समजावलं, आणि हा तिथे कामाची मिजास दाखवतो! हात गेला तरी तोरा जात नाही. राग, राग, नुसता राग. नारायणगावला उतरल्यावर भेळ घेऊ का विचारत होता!

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी मिरवणुकीत हलगी दादाकडे. यंदा तो कडेने चालत होता. मी बोलत नाहीये अजून त्याच्याशी.

६ मे

दावा फेटाळला. जाळीचंच कारण. आई भिंतीला टेकून बसून राहिली, चूलसुद्धा पेटवली नाही. वकीलबाई म्हणतात, वर जाता येईल, पण स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं पुसता येत नाही.

१४ मे

सरांचा फोन. "आता तुझ्या घरात दावा चालू नाही. सोमवारपासून ये." हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? दादाने स्वतः जाऊन पेढे आणले. डाव्या हाताने माझ्या तोंडात कोंबला. मी खाल्ला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

१९ मे, रविवार

उद्या रुजू व्हायचंय. चप्पल घ्यायला नारायणगावला गेले, तिथे भागू भेटला. "मला साक्षीला का न्हाई न्हेलं ताई? मी तयार व्हतो." म्हटलं, दादाने मशीनची जाळी काढल्याचं कबूल केल्यावर तुम्ही येऊन काय होणार होतं?

तो बघतच राहिला. "जाळी? त्या मशीनला जाळी कवाच नव्हती, ताई. आजबी न्हाई."

घरी आले. दादा अंगणात बसून माझा उद्याचा डबा राखेने घासत होता. डबा दोन पायांत धरलेला.

ते कलम त्याला मीच शिकवलं. दोनदा.