मूळ लेखन : स्वतः

गुरुजी, तुमच्या पोस्टकार्डाला उत्तर द्यायचं राहून गेलं. तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. इतक्या उशिरा उत्तर लिहिणारा माणूस कसला, असं तुम्ही म्हणाल. पण आज लिहायला बसलोय, त्याचं कारण माझ्या सूनबाईचा लॅपटॉप.

ज्या कृषी केंद्राच्या गल्ल्यामागे मी इतकी वर्षं बसलो, ते मालक वारल्यावर बंद झालं. तेव्हापासून मी घरातच. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, आणि मध्ये आपल्या शाळेतल्या कविता गुणगुणत अंगणात फेऱ्या. सूनबाई चिखलीची, शिकलेली, आणि तिला माणूस रिकामा बसलेला पाहवत नाही. एके दिवशी भाकरी टाकता टाकता म्हणाली, "बाबा, पुण्याची एक कंपनी आहे. शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देते. त्यांना आपल्या बोलीत लिहिणारं, बोलणारं माणूस पाहिजे. तुम्ही काऊन नाही?" मी हसलो. म्हटलं, या वयात नोकरी मागू? ती म्हणाली, "मागायची नाही. आता नेटवर आपली ओळख टाकायची. ते शोधत येतात." मग तव्यावरची भाकरी उतरवून, हात पुसून तिने माझी ओळख बांधायला घेतली. शिक्षण, अनुभव, अंगी असलेले गुण. एवढासा मी, पण रकाने संपेनात. "लाजू नका बाबा, इथे सगळेच थोडं फुगवून लिहितात," ती म्हणाली. आणि मग विचारलं, "तुमचं सगळ्यात गाजलेलं काम कोणतं?"

मी एक क्षणही थांबलो नाही, गुरुजी. म्हटलं, "जीपवरचं गाणं." तिने लिहिलं, कापूस बियाण्याचे प्रचारगीत. पुढे विचारलं, "तुम्हीच लिहिलं ना?" मी हो म्हटलं. तिने टाइप केलं, मूळ लेखन : स्वतः. पडद्यावर ते फार देखणं दिसत होतं.

तुम्हाला आठवत असेल, उन्हाळ्याची सुटी लागायच्या आधीचे ते दिवस. वर्गाच्या कोपऱ्यात ओलं पोतं पसरलेलं आहे. प्रत्येकाने घरच्या सरकीचे दहा दाणे आणलेत, शेणमातीत चोळून. आपापल्या नावापुढे रांगेने ठेवायचे, वरून पोतं घालायचं, रोज पाणी शिंपडायचं. आणि शिंपडताना तुम्ही आमच्यासाठी रचलेलं ते गाणं, तुमच्याच चालीत:

दहा दाणे भिजव आधी,
ओल्या पोत्यात निजव आधी,
किती उठले मोजून घे,
मग मातीच्या हाती दे.

गळा बरा म्हणून तुम्ही मला पुढे उभं करायचात. त्या वर्षी माझ्या रांगेत चारच दाणे उठले. शेजारची रांग पिंजाऱ्याच्या पोराची. त्याच्या घरी एक गुंठाही जमीन नव्हती, बापाच्या दुकानात कापूस पिंजताना सापडलेली सरकी त्याने हौसेने आणली होती, आणि त्याचे नऊ उठले होते. मधल्या सुटीत मी त्याचे पाच मोड उचलून माझ्या रांगेत ठेवले. तुम्ही पोतं उचललं, दोन्ही रांगा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. मारलं नाही. एवढंच म्हणालात, "घरी जाऊन नऊ सांगशीन, त तुहा बाप काय पेरन बे?" ते ऐकून सगळा वर्ग हसला, फक्त पिंजाऱ्याचा पोरगा हसला नाही. तुम्ही त्याचे पाच त्याला परत दिलेत आणि मला म्हणालात, "गाणं तूच म्हन. गळ्याचा काय दोष."

तो गळाच पुढे माझ्या पोटापाण्याला लागला. मी कृषी केंद्रात लागलो, मग पाकिटातली सरकी आली, बोंडअळीला न घाबरणारी, आणि बियाण्याच्या कंपनीने मला जीप दिली, भोंगा दिला. म्हणाले, लोकांच्या तोंडी बसेल असं काहीतरी म्हणा. माझ्याजवळ लोकांच्या तोंडी बसलेलं एकच होतं. तुमची चाल घेतली, शेवट ठेवला, आणि वरचं सगळं काढून टाकलं. पाकीट फोड, टोबून घे, मातीच्या तू हाती दे. भिजवणं गेलं, निजवणं गेलं, मोजणं गेलं, उरलं फक्त टोबणं, दाणे मातीत खोचणं. कंपनीचा साहेब मांडीवर ताल धरून म्हणाला होता, "वा, एकदम सुटसुटीत."

वडनेर भोलजीच्या बाजारात तुम्ही ते ऐकलंत. हातात भाजीची पिशवी, डोक्यावर तीच टोपी. मी तुम्हाला पाहून भोंगा बंद केला, खाली उतरून पाया पडलो. तुम्ही म्हणालात, "चाल त ओयखीची वाटते. मधलं कुठी सांडलं?" मी म्हटलं, "गुरुजी, हे घरची सरकी नाही. कंपनीचं बी आहे. याले भिजवून पाहत नाहीत."

"काऊन? कंपनीचं बी लाजते का?"

आजूबाजूचे हसले, मीही हसलो. तुम्ही एक पाकीट घेतलंत, सुलतानपूरला दिलेल्या मुलीसाठी. मी फुकट देतो म्हटलं तर ऐकलं नाहीत.

आठ-दहा दिवसांनी तुमचं कार्ड आलं. अक्षर तुमच्या मुलीचं होतं, तुमचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. पण बोल तुमचेच. "दहा निजवले. चार उठले. तुला कळवतो." खाली आशीर्वाद. एवढंच.

ते कार्ड आलं तेव्हा मृग लागायला अवकाश होता, गुरुजी. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. त्याच लॉटची पाकिटं जीपमध्ये होती. मी कार्ड शर्टाच्या खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी सोनाळ्याला जाऊन तेच गाणं म्हटलं. खिशात कार्ड, तोंडात गाणं. पुढे तिकडे कित्येक वावरांत रांगेत निम्मी जागा मोकळी दिसत होती. लोकांनी पुन्हा टोबलं. कंपनी म्हणाली पावसाने ओढ दिली. मीही म्हटलं, पावसाने ओढ दिली. दहा दाणे आधी भिजवून पाहा, एवढं भोंग्यावरून सांगायला मला एक पैसा लागत नव्हता, आणि ते सांगायला नवीन शब्दही शोधायचे नव्हते. तुम्ही ते केव्हाच रचून दिले होते. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. मी आलो होतो. मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिलो आणि तुमच्या मुलीने पाहायच्या आत निघालो.

तर आता त्या ओळखीचं. सूनबाईने ती नेटवर टाकली, सोमवारी फोन करतो असा पुण्याहून निरोपही आला, फक्त फोटो राहिला होता. पिंजाऱ्याच्या त्या पोराच्या पोराने गावात झेरॉक्स आणि फोटोचं दुकान टाकलंय. तिथे गेलो तर आपला वर्गमित्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर, दाढी पांढरीफेक. "आओ शायर," म्हणाला. मुलाने फोटो चढवायला माझं पान उघडलं आणि बापाला वाचून दाखवलं. प्रचारगीत, मूळ लेखन : स्वतः. म्हाताऱ्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग हळू आवाजात, कापूस पिंजताना धनुकलीचा ठेका असतो ना, त्या ठेक्यात त्याने तुमच्या चारही ओळी म्हटल्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि म्हणाला, "माह्या रांगेतले पाच त मास्तरनं वापस देल्ले होते बे. मास्तरचे कोन वापस देईन?"

त्याचा पोरगा म्हणाला, "काका, मान सरळ ठेवा." फोटो निघाला. त्यात मी खाली पाहतोय.

घरी येऊन सूनबाईला म्हटलं, ती ओळ बदल. मूळ कविता माझ्या गुरुजींची, असं घाल. ती म्हणाली, "बाबा, त्यांचा फोन सोमवारी यायचाय. गाण्यावरूनच तर त्यांनी तुम्हाला निवडलं. आता काऊन?" मी म्हटलं, घाल. तिने घातलं. मला वाटलं, संपलं, आता फोन येत नाही, आणि खरं सांगतो, वाईट वाटलं. अंगणातल्या फेऱ्या डोळ्यांपुढे आल्या.

फोन आला. पुण्याची मुलगी, गोड बोलणारी. तिने बदललेली ओळ वाचली होती. "सर, मग मूळ गाणं म्हणून दाखवा ना." मी म्हटलं. भिजव, निजव, मोजून घे. ती म्हणाली, "अहो, हे तर जास्त छान आहे. पेरणीच्या आधी हेच सगळ्यांच्या फोनवर जाऊ दे, तुमच्या आवाजात." ज्या ओळी मी गावोगाव गाळत फिरलो, त्या आता माझ्याच तोंडून गावोगाव जाणार. मला भरून आलं. तेव्हा ती म्हणाली, "एक फॉर्म पाठवते. तुमच्या गुरुजींच्या घरच्यांची परवानगी आहे ना?"

सुलतानपूरला तुमची मुलगी अजून आहे, हे मला ठाऊक आहे. तिच्या हातचं ते कार्ड मी जपून ठेवलंय, हेही तिला सांगायला हवं. तिने फक्त विचारायचा अवकाश, कार्ड कधी मिळालं होतं? त्याला माझ्यापाशी एकच उत्तर आहे, पेरणीच्या आधी, आणि ते तिच्या दारात उभं राहून द्यावं लागेल.

फॉर्म कालच आला. परवानगी, आहे किंवा नाही, असे दोन गोल होते. मी "आहे"वर बोट ठेवलं आणि पाठवून दिलं. हे पत्र त्यानंतर लिहायला घेतलं, गुरुजी. आधी नाही.