वीतभर मिरच्या

दादा, "मिरच्या मोठ्या की आई मोठी?" असं विचारून फोन आपटलास, मग मी उत्तर कुणाला देऊ? भिंतीला? म्हणून हा मेल.

त्या वीतभर मिरच्या माझ्या लाडाच्या नाहीत रे. बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात त्या वाढवायच्या, हाच आमचा प्रयोग. आत ना वारा, ना मधमाशी. फुलं उमलली की एकेक रोप हाताने हलवावं लागतं, नाहीतर मिरची धरत नाही. ते काम माझं. प्रयोगशाळेच्या बाईंकडे रजा मागितली, तर म्हणाल्या, "बहर संपू दे, मग जा." आणि आईचं ऑपरेशन सोमवारी.

तिथे येऊन तरी मी काय करणार होते? दाराबाहेर नखंच खाल्ली असती. पण तुझ्या शेजारी बसून खाल्ली असती.

जेवतोस ना? वहिनीला डबा आणू दे.

उन्हाशिवाय झाडं जगतात हे आईला अजून पटत नाही. तिने विचारलंच तर सांग, रोपं उन्हात आहेत. मीही आहे म्हणावं.

तिला माझा नमस्कार. तुला अर्धा, उरलेला अर्धा तुझा राग गेल्यावर.

फोन आत नेता येत नाही, तेव्हा भांडायला केलास तरी मी उचलणार नाही. फुलं उमललीत, जाते.

धाकटी